कुत्र्याने उघडलेले दार

जे. जे. ही दोन अक्षरे मुंबईकराच्या तोंडात इतकी रुळली आहेत की, त्यांच्यामागे एक हाडामासाचा माणूस होता हे आपण पार विसरून गेलो आहोत. हातपाय मोडला, दुखणे हाताबाहेर गेले की गोरगरीब भायखळ्याच्या जे. जे.ची वाट धरतो. बोटांत कला असलेला मुलगा घरच्यांची समजूत घालून जे. जे. स्कूलमध्ये नाव घालतो. २००२ मध्ये मोहम्मद अली रोडवरून लांबलचक उड्डाणपूल सुरू झाला, त्यालाही लोक जे. जे.च म्हणू लागले. सर जमशेटजी जीजीभाई यांचे चरित्र आपल्याला असे इमारतींच्या पाट्यांवरून तुकड्यातुकड्यांनी माहीत असते. त्यांनी दवाखाना बांधला, शाळा काढल्या, पैसा दिला. पण या थोर दानशूराच्या आयुष्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांचेही एक प्रकरण आहे. ते पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. मला ते फार मोलाचे वाटते आणि आजच्या दिवसांत तर जास्तच.

या प्रकरणाकडे माझे लक्ष वळायला मनोरीचा एक कुत्रा कारण झाला. मनोरी म्हणजे मालाडच्या पश्चिमेला, खाडीपलीकडचे गाव. मार्वेच्या धक्क्यावर फेरीबोटीत पाय ठेवला की काही मिनिटांत माणूस मुंबईतून गावात पोहोचतो. कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन मंडळींची घरे, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि त्या वासावर जगणारी कुत्री-मांजरे. तिथे ओळखीच्या एका मावशींकडे लाल्या नावाचा गावठी कुत्रा आहे. मावशी मासळी साफ करायला बसल्या की डोकी-शेपट्या बाजूला टाकतात. वाडीतली सगळी कुत्री धावून येतात. अशा वेळी लाल्या उठतो आणि एका पालथ्या होडीसमोर जाऊन उभा राहतो. त्या होडीखाली मांजरीची वीण असते. पिल्ले बाहेर येतात, चिंगळ्या-मुंडकी ओढून नेतात आणि ती आत गेल्यावरच लाल्या उरलेल्याकडे वळतो. दुसरे कुत्रे पुढे सरले तर तो नुसता गुरगुरतो; तेवढे पुरते.

मावशींना यात काही नवल वाटत नाही. लाल्या आईवेगळा झाला तेव्हा इवलासा होता आणि त्यांच्या घरातल्या मांजरीच्या कुशीत झोपत असे, इतकेच त्या सांगतात. त्यांचे हे साधे उत्तर शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. कुत्र्याचे पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचे असताना ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांना ते जन्मभर आपले समजते. मग ती माणसे असोत, शेळ्या असोत की मांजरे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग बीच गावात फिलिप गोन्झालेझ नावाच्या गृहस्थांकडे जिनी नावाची कुत्री होती. ती अडगळीतून, पडक्या जागांतून जखमी नि बेवारशी मांजरे हुडकून काढी आणि मालक त्यांना घरी आणी. तिच्यावर पुस्तक निघाले. इतकेच नव्हे, तर १९९८ मध्ये मांजरांच्या एका प्रदर्शनात वर्षातील सर्वोत्तम मांजर हा किताब या कुत्रीला देण्यात आला! तेव्हा कुत्र्या-मांजराचे हाडवैर ही जन्माची गाठ नाही. ओळख झाली की ते वैर गळून पडते.

लाल्याचा विचार डोक्यात घेऊन मी एका संध्याकाळी परत निघालो होतो. मालाडला लोकल धरली, वांद्रे मागे पडले आणि माहीमची खाडी आली. शेजारून गाड्यांनी भरलेला कॉजवे दिसत होता. हा रस्ता बांधण्यासाठी जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. तो १८४५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याआधी वांद्र्याहून माहीमला यायचे तर, मनोरीकर आजही करतात तसे, होडीतच बसावे लागे. माहीमकडून दादरकडे जाणाऱ्या रस्त्याला लेडी जमशेटजी रोड म्हणतात तो याच आवाबाईंमुळे. तेव्हा मला या दांपत्याच्या एका जुन्या कामाची आठवण झाली आणि घरी येऊन मी त्यांचे चरित्र पुन्हा उघडले.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घराणे नवसारीकडचे, वडील साधे विणकर. सोळा वर्षांचे होता होता आईवडील दोघेही गेले. पोरका मुलगा मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी यांच्याकडे राहिला. मामांचा धंदा जुन्या बाटल्या खरेदी-विक्रीचा, म्हणून ते बाटलीवाला. भाच्यालाही काही काळ तेच आडनाव चिकटले. शिक्षण बेताचेच. पण अंगात धडाडी अशी की, १७९९ मध्ये, म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात, हा मुलगा चीनच्या सफरीवर गेला. पुढे १८०३ मध्ये मामांच्याच मुलीशी, आवाबाईंशी, त्यांचे लग्न झाले.

चीनच्या एकूण पाच सफरी त्यांनी केल्या. चौथ्या सफरीत, १८०५ मध्ये, त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले. माल गेला, अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांना आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेऊन सोडण्यात आले. ओळख ना पाळख, खिशात दमडी नाही. तिथून कलकत्ता आणि कलकत्त्याहून मुंबई असा द्राविडी प्राणायाम करीत ते घरी पोहोचले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. संकटात जुळलेली ही ओळख आयुष्यभर टिकली आणि तिच्यातूनच पुढे जमशेटजींचा अफाट व्यापार उभा राहिला. चाळिशी गाठेपर्यंत हा बाटलीवाल्याचा भाचा मुंबईच्या पहिल्या श्रीमंतांत जाऊन बसला होता.

निराधार होऊन परक्या किनाऱ्यावर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. त्यांच्या पुढच्या दानधर्माचे मूळ नेमके याच अनुभवात आहे असे मी ठामपणे म्हणणार नाही. माणसाच्या मनाचा असा सरळ हिशेब मांडता येत नाही. पण १८३२ मध्ये जे घडले ते वाचताना मला हा केपचा किनारा आठवल्याशिवाय राहत नाही.

त्या काळात मुंबईत बेवारशी कुत्री फार झाली होती. इंग्रज सरकारने १८१३ मध्येच नियम केला होता की, वर्षातल्या ठरावीक मुदतीत मोकाट कुत्री मारावीत. कुत्रे मारणाऱ्याला बक्षीस मिळे. १८३२ च्या उन्हाळ्यात ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली. बक्षिसाची लालूच लागली की मोकाट कोणते आणि पाळीव कोणते हे कोण पाहतो? शिपाई लोकांच्या अंगणात शिरून, उंबऱ्यावरची कुत्री ओढून नेऊ लागले.

सरकारची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे तेव्हा हमखास मरण होते. पाश्चरची लस आली १८८५ मध्ये, म्हणजे त्यानंतर ५३ वर्षांनी. भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीवर निघालेला उपाय आंधळा होता.

पारशी समाजाला हा घाव विशेष लागला, त्याला कारण आहे. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. मृत्यूनंतर ज्या चिन्वत पुलावरून आत्म्याला जायचे असते, त्या पुलाची राखण कुत्रे करतात अशी श्रद्धा आहे. मृतदेहाजवळ कुत्र्याला आणून त्याची नजर त्यावर पडू देण्याचा विधी असतो. त्याला सगदीद म्हणतात. सग म्हणजे कुत्रा, दीद म्हणजे पाहणे. ज्याच्या डोळ्यांवर दोन ठिपके असतील तो चारडोळ्या कुत्रा या कामी उत्तम मानला जाई. जेवणातला एक घास कुत्र्यासाठी काढून ठेवण्याची रीतही पारशी घरांत होती. आपल्याकडे गोग्रास असतो, काकबळी असतो, तसाच हा कुत्र्याचा घास. अशा घराच्या दारातले कुत्रे शिपायाने फरफटत नेले, तर त्या घराला काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

६ जून १८३२ रोजी कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, कुत्री मारणाऱ्या शिपायांवर लोक धावून गेले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. दुकानांच्या फळ्या लागल्या, पारशांबरोबर हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले, इंग्रज फौजेला जाणारा शिधा अडला. शेवटी सैनिक आणून जमाव पांगवावा लागला. धरपकड झाली, काहींवर खटले चालले. इतिहासात हा प्रसंग मुंबईतील कुत्र्यांचा दंगा म्हणून ओळखला जातो. नाव ऐकून हसू येते. पण एका मुक्या जनावरासाठी अख्ख्या शहराने कामधंदा बंद ठेवला, अशी उदाहरणे जगात किती सापडतील?

जमशेटजी तेव्हा एकोणपन्नाशीला टेकले होते. इंग्रजांशी त्यांचा व्यापार होता, सरकारदरबारी वजन होते. एकीकडे आपले खवळलेले जातभाई, दुसरीकडे ज्यांच्या मर्जीवर धंदा चाले ते राज्यकर्ते. अशा वेळी शहाणा व्यापारी घरात बसतो. जमशेटजी बसले नाहीत. शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना घेऊन ते सरकारकडे अर्ज करायला पुढे झाले. पकडलेल्यांशी सौम्यपणे वागावे आणि कुत्र्यांना मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावे, असा मधला मार्ग काढण्याचा हा प्रयत्न होता. दंगेखोरांचे समर्थन नाही आणि सरकारची हांजी हांजीही नाही. दोघांनाही मान खाली न घालता मागे फिरता यावे अशी ती तोड होती.

पण कुत्री शहराबाहेर न्यायची म्हणजे कुठे? कोण खाऊ घालणार? इथे दुसरा एक माणूस त्यांच्या साथीला आला. मोतीशाह नावाने प्रसिद्ध असलेले जैन शेठ मोतीचंद अमीचंद. भायखळ्याचे जैन मंदिर आणि पालिताण्याच्या डोंगरावरचा देरासरांचा समूह यांमुळे त्यांचे नाव अजून घेतले जाते. पारशी धर्माने कुत्र्याला पवित्र मानले होते, जैन धर्माने जीवमात्राची हिंसा वर्ज्य ठरवली होती. दोन वेगळ्या वाटांनी आलेली ही दोन माणसे एका ठिकाणी भेटली आणि १८३४ मध्ये भुलेश्वरजवळ मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. सोजिरांच्या गोळ्यांना बळी पडणारी कुत्री आणि डुकरे वाचवणे हा त्याचा मूळ हेतू होता.

आणि मग लाल्याच्या होडीसमोर घडते तेच इथेही घडले. दार उघडले होते कुत्र्यांसाठी, पण एकदा उघडल्यावर आत कोण येणार हे कोणी ठरवून दिले नव्हते. लंगडे बैल आले, म्हातारे घोडे आले, आटलेल्या गाई आल्या, शेळ्या-मेंढ्या आल्या. एकोणिसाव्या शतकात मुंबई पाहायला आलेल्या परदेशी प्रवाशांनी पांजरपोळाची वर्णने आश्चर्याने लिहिली आहेत; त्यांत कुत्र्यांबरोबर मांजरेही दिसतात. मांजरासाठी या शहरात कधी बाजार बंद झाला नव्हता. मांजराच्या बाजूने कोणता धर्मग्रंथ उभा नव्हता. उलट ते आडवे गेले तर माणसे दोन पावले मागे सरतात! त्या बिचाऱ्या मांजराला या शहरात हक्काचा आसरा मिळाला तो कुत्र्याच्या पुण्याईने. आज भुलेश्वरच्या पांजरपोळात मुख्यतः गाईगुरे दिसतात. त्याची सुरुवात कुत्र्यांपासून झाली हे तिथे चाऱ्याची पेंढी घेऊन जाणाऱ्या कित्येकांना ठाऊकही नसेल.

यानंतरचे जमशेटजी आपल्या परिचयाचे. १८४२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. १८४५ मध्ये भायखळ्याचे रुग्णालय सुरू झाले, त्यासाठी त्यांनी लाखाहून अधिक रुपये दिले. पुण्यात मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्यासाठी आणि पाणीपुरवठ्यासाठी त्यांनी मोठी रक्कम दिली. बंडगार्डनला फिरायला जाणाऱ्या पुणेकरांनी ती आठवण ठेवायला हरकत नाही. १८५७ मध्ये त्यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. त्याच वर्षी ते बॅरोनेट झाले. १४ एप्रिल १८५९ रोजी त्यांनी देह ठेवला. माझ्या दृष्टीने यात लक्षात घेण्यासारखा आहे तो कामांचा क्रम. माणसांच्या मोठ्या रुग्णालयाआधी अकरा वर्षे मुक्या जनावरांचा आसरा उभा राहिला होता. आधी माणसांचे पाहा, मग जनावरांचे, असे आपण सहज म्हणतो. जमशेटजींच्या बाबतीत जनावरांवरची दया माणसांच्या वाट्यातून कापून घेतलेली नव्हती.

इथेच लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. पण चरित्र सांगायचे तर पुरे सांगावे. जमशेटजींची संपत्ती कापसातून आली तशी अफूतूनही आली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि जार्डिन यांच्याबरोबरच्या या व्यापारात जमशेटजींचा वाटा मोठा होता. मोतीशाहही त्याच व्यापारात होते. कुंग्यावरसुद्धा पाय पडू नये म्हणून जपणारा जैन आणि कुत्र्याला घास काढणारा पारशी, दोघांच्या पेट्या कॅन्टनला उतरत होत्या आणि तिथे घरेच्या घरे धुरात बुडत होती. चीन आणि इंग्लंड यांच्यातले पहिले अफूचे युद्ध १८४२ मध्ये संपले, त्याच वर्षी जमशेटजी सर झाले.

मग हे सगळे ढोंग होते का? मला तसे वाटत नाही. ढोंगी माणूस दंग्याच्या दिवसांत राज्यकर्त्यांपुढे कुत्र्यांची बाजू मांडायला जात नाही. त्या काळी हा व्यापार कंपनी सरकारच्या संमतीने चाले आणि त्यात पडलेल्या माणसाची प्रतिष्ठा कमी होत नसे. पण तेवढ्याने कॅन्टनचे दुःख हलके होत नाही. मला यात दिसते ती माणसाच्या दयेची एक मर्यादा. दारातले कुत्रे डोळ्यांना दिसत होते. त्याचे केकाटणे कानावर पडत होते. समुद्रापलीकडचा अफूबाज दिसत नव्हता. दया नजरेच्या टप्प्यात वाढते आणि टप्पा संपला की थांबते. लाल्यालाही मांजर आपले वाटते, कारण तो त्याच्या कुशीत वाढला. वाडीत नव्याने आलेल्या कुत्र्याला तो जवळ करीत नाही.

मात्र टप्पा वाढवता येतो, हेही मुंबईच्याच इतिहासाने दाखवले आहे. कुत्र्यांचा दंगा झाला तेव्हा दिनशा माणेकजी पेटिट हा पारशी मुलगा जेमतेम नऊ वर्षांचा होता. पुढे तो मोठा गिरणीमालक झाला. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली, तिच्यामागे हेच दिनशा होते आणि १८८० च्या दशकात परळला जनावरांचे रुग्णालय निघाले ते त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने. पांजरपोळात आसरा होता, इथे औषधपाणीही आले. १८८६ मध्ये शेजारीच पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. परळचे हे रुग्णालय आजही चालू आहे. गाडीखाली सापडलेले मांजराचे पिल्लू पिशवीत घालून तिथे धावत जाणारी शाळकरी मुले कोणत्याही दिवशी पाहायला मिळतात.

जवळजवळ दोनशे वर्षे झाली, पण प्रश्न जुना झालेला नाही. मुंबई महापालिकेने १९९४ मध्ये कुत्री मारणे थांबवले. देशभरासाठी २००१ मध्ये नियम झाले आणि २०२३ मध्ये ते नव्याने आले : कुत्र्यांची नसबंदी करावी, त्यांना लस टोचावी आणि जिथून उचलले तिथेच सोडावे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सगळी मोकाट कुत्री निवाऱ्यांत नेऊन ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर वादळ उठले आणि अकरा दिवसांतच तो आदेश सौम्य होऊन, पिसाळलेली व आक्रमक कुत्री सोडून बाकीच्यांना लस टोचून परत सोडावे असे ठरले. १८३२ चीच वादावादी, फक्त कोटाच्या जागी दिल्ली! एका बाजूला चावा घेतलेल्या लेकराची आई, दुसऱ्या बाजूला रोज गल्लीतल्या कुत्र्यांना भात घालणारी आजी. दोघींचे डोळे भरलेले असतात आणि दोघींचे खरे असते.

१८३२ मध्ये नव्हते असे एक साधन मात्र आज आपल्या हाती आहे. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली की रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आईचे भय आणि आजीची माया यांत आज निवड करावी लागत नाही. आपल्या गल्लीतली कुत्री मोजणे, ती लसीकरणाच्या गाडीपर्यंत आणणे, कचरा उघड्यावर न टाकणे, एवढे आपल्याला करता येते. जमशेटजींनी जी तोड काढली ती अपुरी होती. शहराबाहेर सोडलेले कुत्रे परत येते किंवा उपाशी मरते. म्हणून तर दोन वर्षांत पांजरपोळ काढावा लागला. नुसती दया पुरत नाही, तिला व्यवस्था लागते, हे त्या व्यापाऱ्याने फार लवकर ओळखले होते.

पुढच्या वेळी लोकलमधून माहीमची खाडी ओलांडताना किंवा जे. जे.च्या फाटकाशी रिक्त हाताने उभ्या असलेल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे पाहताना, या घराण्याच्या त्या जुन्या शब्दाची आठवण ठेवायला हवी. सगदीद. कुत्र्याने पाहणे. त्या विधीत मृताला कुत्रा पाहतो; १८३२ मध्ये जमशेटजींनी कुत्र्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेतून कॅन्टन सुटले हे खरे. आपल्या नजरेतून कोण कोण सुटते आहे, याची यादी घरोघरी वेगळी असेल. ती आपापल्या घरी, रविवारच्या चहाबरोबर, मुलाबाळांना घेऊन करून पाहावी.